मापाची काठी

डावीकडचे तिन्ही बोल्ट बारच्या भोकांत मुकाट्याने बसले. उजवीकडचा एकही बसेना. मिस्त्रीने बार उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, तळहाताने दोन रट्टे दिले आणि मग तो बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा मनातल्या मनात उद्धार केला. भोकं बोल्टांच्या पलीकडे गेली होती. फार नाही, करंगळीएवढी.

"बसत नाही का हो?" मागून सिस्टरनी विचारलं.

"बसेल. न बसायला काय झालं? बाजारू माल आहे, थोडे नखरे करणारच."

सिस्टर स्टुलावर बसल्या होत्या, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. सरकारी दवाखान्यातल्या नर्स. बावीस वर्षं फिरतीवर होत्या. डोंगराच्या अंगाला विखुरलेल्या वस्त्यांवर स्वतःच्या गाडीने जायचं, कुणाची जखम धुवायची, कुणाला इंजेक्शन द्यायचं, कुणाची बाळंतीण बघायची. गाडीही त्यांच्यासारखीच, छोटी, जुनी आणि कधी सुट्टी न घेतलेली. तिचा निळा रंग टपावरून उडाला होता.

बॉनेट उघडलं की दोन्ही बाजूंना, चाकांच्या बरोबर वर, पालथ्या पातेल्यासारखे दोन उंचवटे दिसतात. शॉकअपचं डोकं तिथे तीन बोल्टांनी बॉडीला जखडलेलं असतं. या दोन उंचवट्यांना जोडणारा हा लोखंडी बार. वळणावर गाडीचं अंग पिळवटतं ते कमी व्हावं, एवढंच त्याचं काम. कंपनीने तो दिलेला नसतो, हौशी पोरं नंतर बसवून घेतात. पन्नाशी उलटलेल्या नर्सबाई हे नळकांडं बगलेत मारून आल्या तेव्हा मिस्त्रीला हसू आलं होतं.

"भाच्याने पाठवलाय," त्या म्हणाल्या होत्या. "म्हणाला, आत्या, हा लाव, गाडी वळणावर नीट बसेल. म्हटलं, एवढंही करून बघू. नाहीतर सोमवारी सही आहेच."

"कसली सही?"

सिस्टरनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला, पण उघडला नाही. "फिरती सोडतेय म्हणून. मागच्या महिन्यात गाडी कठड्याला घासली ना, लसींचा डबा फुटला. मोठे डॉक्टर म्हणाले, सिस्टर, तुम्हीच लिहून द्या की मला गाडी चालवणं जमत नाही, म्हणजे आम्हाला चौकशी नको. मग टेबलाशी बसून रजिस्टरं भरायची. रिटायर होईपर्यंत."

"बरंच की. उन्हातान्हाचं फिरणं वाचेल."

"हो ना," सिस्टर म्हणाल्या आणि कागद परत पर्समध्ये घातला. "सगळे हेच म्हणतात."

मिस्त्री पुन्हा बॉनेटमध्ये वाकला. कंबर कुरकुरली. गॅरेज म्हणजे तरी काय, पत्र्याची एक शेड आणि पुढे दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा. त्यातलंही निम्मं सामान गेलं होतं. कॉम्प्रेसर विकला, वेल्डिंगचं मशीन विकलं, भिंतीवर पाने टांगायची जागा होती तिथे नुसते काळे ठसे उरले होते. शनिवारी शटर शेवटचं ओढायचं. चाळीस वर्षं झाली होती. गुडघे गेले, बीपीच्या गोळ्या सुरू झाल्या, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, बायको जाऊन तीन वर्षं झाली. कंटाळा आला होता म्हणा. खरंच कंटाळा आला होता. उरलं होतं ते एक नाव. मिस्त्रीच्या हाताखालून गेलेली गाडी त्याच दुखण्यासाठी परत येत नाही, असं गल्लीत बोललं जायचं, आणि ते ऐकायला त्याला आवडायचं. माणसाला काहीतरी आवडायला हवंच.

"सिस्टर, तुम्ही दवाखान्यात जाऊन या. चारला या. मी बघतो याच्याकडे."

"त्याने गाडी डावीकडे ओढायची थांबेल का हो?"

हा प्रश्न आला की मिस्त्रीचं उत्तर ठरलेलं होतं. अकरा वर्षांपूर्वी एका टेम्पोने या गाडीला उजवीकडून ठोकलं होतं. मिस्त्रीनेच ती ओढून सरळ केली होती. तेव्हापासून सिस्टर म्हणायच्या गाडी डावीकडे ओढते आणि मिस्त्री म्हणायचा, "सिस्टर, गाडी नाही ओढत. तुमचा हात ओढतो." दोघं हसायचे. आधी दोघं हसायचे, मग नुसता मिस्त्री हसायचा, हे त्याच्या कधी लक्षात आलं नव्हतं. आजही तेच वाक्य तोंडापर्यंत आलं होतं.

"बघू," तो म्हणाला.

सिस्टर गेल्या. मिस्त्रीने खिळ्यावरची काठी काढली.

ही काठी त्याची लाडकी. या मॉडेलच्या गाड्या एकेकाळी खंडीभर यायच्या, तेव्हा त्याने कोऱ्या करकरीत गाडीवरून माप घेऊन ती बनवली होती. शिसवीची, गुळगुळीत, दोन्ही टोकांना लाल रंग. उजव्या आणि डाव्या उंचवट्यावरच्या आतल्या बोल्टांच्या मधोमध ती आडवी धरायची. घट्ट बसली की बॉडी सरळ. ना मशीन, ना कॉम्प्युटर. लोकांच्या गाड्या त्याने या काठीवर सरळ केल्या होत्या, आणि सगळ्यांत शेवटी ही निळी गाडीसुद्धा.

त्याने काठी धरली. अशी बसली की बोटाने हलेना.

"हे बघा!" तो रिकाम्या शेडला म्हणाला. "बारच चुकीचा. मी काय म्हणत होतो?"

जिवाला बरं वाटलं. पण सिस्टरना नुसतं सांगून भागणार नव्हतं, भाचा फोनवरून हुज्जत घालणार. दाखवायला पुरावा हवा. दोन दुकानं सोडून शिंप्याकडे हेच मॉडेल होतं, कधी ठोकलं न गेलेलं, कारण शिंपी ते चालवायचाच कमी आणि पुसायचाच जास्त. मिस्त्रीने बार खांद्यावर टाकला.

"काय रे, आता लोखंडाला अस्तर लावून हवंय का?" शिंप्याने मशीनवरून मान वर केली.

"तोंड आवर आणि बॉनेट उघड."

बोल्टांची टोकं नटांच्या वर आलेली असतात, तेव्हा नुसतं वर ठेवून माप कळतं. मिस्त्रीने बार ठेवला. तो न बसण्याची वाट बघत ठेवला. बार सहाच्या सहा बोल्टांवर जाऊन बसला, जणू याच गाडीसाठी केलेला.

मिस्त्रीने तो उचलून पुन्हा ठेवला. पुन्हा बसला.

"झालं ना काम? मग चेहरा का असा?" शिंपी म्हणाला.

मिस्त्री गॅरेजवर गेला आणि काठी घेऊन आला. शिंप्याच्या गाडीत दोन बोल्टांच्या मधे त्याने ती धरली. ती एका बोल्टाला टेकली आणि दुसऱ्याला टेकलीच नाही. मधे फट राहिली. करंगळीएवढी.

"आटली तुझी काठी," शिंपी वाकून बघत म्हणाला. "आमचं बघ, टेप दर वर्षी नवी. कापड ताणतं, कळतही नाही. मग गिऱ्हाईक म्हणतं शर्ट सैल झाला, आणि आपण म्हणतो तुम्ही वाळलात." तो स्वतःच्याच विनोदावर खदखदला.

"लाकूड रुंदीला आटतं. लांबीला आटत नाही," मिस्त्री म्हणाला. त्याने काठी उजेडात धरली. एका टोकाला लाल रंग होता. दुसऱ्या टोकाला नव्हता. रंग झिजला असेल असं तो इतकी वर्षं समजत होता, म्हणजे खरं तर त्याने बघितलंच नव्हतं. आता बघितलं. ते टोक तिरकस कापलेलं होतं आणि त्यावर सुरीच्या दातांचे बारीक ओरखडे होते. स्वयंपाकघरातल्या सुरीचे.

मग त्याला सगळं आठवलं.

तेव्हा गॅरेजचा पत्रा गळायचा म्हणून त्याने काही सामान घरी नेऊन ठेवलं होतं. टेम्पोने ठोकलेली निळी गाडी आली, त्या सकाळी काठी सापडेना. शोधशोध शोधली. शेवटी सापडली ती झोपायच्या खोलीतल्या सरकत्या खिडकीत. खिडकीची कडी तुटली होती, बाहेरून कुणी सरकवू नये म्हणून बायकोने काठी खाचेत आडवी घातली होती. दहादा सांगूनही त्याने ती कडी बसवली नव्हती. लोकांच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्याच्या घरातलं काही दुरुस्त होत नसतं. त्याने काठी ओढून काढली तेव्हा बायको स्वयंपाकघरातून म्हणाली होती, "अहो, न्या, पण मी ती जराशी कापलीय हं. खिडकीत बसत नव्हती."

तो बुटाच्या नाड्या बांधत होता. "हं, हं. बरं," म्हणाला होता आणि निघाला होता.

सांगितलं होतं तिने. स्पष्ट सांगितलं होतं. त्यात तिची काडीची चूक नव्हती.

"कानस मार ना भोकांना," शिंपी म्हणाला. त्याला एवढ्यात सगळं कळलं होतं, माप हा त्याचाही धंदा होता. "लांबट कर, बार बसव, मोकळा हो. शनिवारी चाललास तू. कोण येतंय विचारायला?"

"तेच करतो," मिस्त्री म्हणाला.

आणि तेच करायला घेतलं. बार शिकंज्यात पकडला, कानस काढली, चार-पाच हात मारले. लोखंडाचा चुरा बोटांवर पडला. अर्ध्या तासाचं काम. सिस्टर गाडी घेऊन जातील, ती डावीकडे ओढत राहील, त्या सोमवारी सही करतील आणि पंख्याखाली बसून रजिस्टर भरतील. वाईट काय त्यात? सगळे म्हणतातच बरं होईल.

चाकं सरळ आहेत का बघायला तो मधेच उठून सिस्टरच्या गाडीत बसला आणि स्टिअरिंगला हात घातला. उजव्या हाताखाली काहीतरी मऊ लागलं. बँडेज. स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला सिस्टरनी बँडेजची पट्टी गुंडाळली होती, मनगटाला बांधतात तशी, एकावर एक सारखी, शेवटी चिकटपट्टी. वरची पट्टी नवी होती, खालच्या घामाने काळ्या पडलेल्या. गाडी डावीकडे जायची आणि बाई उजव्या हाताने तिला रोज रस्त्यावर ओढून आणायच्या. हात सोलवटायचा, म्हणून पट्टी. डावी बाजू अगदी कोरी होती.

मिस्त्रीने पट्टीवरून अंगठा फिरवला. त्याला लाज वाटली. साधी, लहानपणी चोरी पकडली गेल्यावर वाटते तशी.

चारला सिस्टर आल्या तेव्हा बार जमिनीवर ठेवलेला होता आणि मिस्त्री स्टुलावर.

"नाही ना बसला?" त्या म्हणाल्या. "जाऊ द्या. माझंच नशीब."

"बसा सिस्टर."

"अहो बसते कशाला, उशीर होतोय—"

"बसा म्हणतो ना." तो उठला आणि स्टूल पुढे सरकवलं. "गाडी डावीकडे ओढते."

"म्हणजे?"

"म्हणजे ओढते. तुमचा हात नाही. गाडी. टेम्पोने ठोकल्यावर मी ती ओढली, पण पूर्ण नाही ओढली. उजवी बाजू करंगळीभर आत राहिली. चाक वरून आत झुकलंय, म्हणून उजवं टायर आतून झिजतं, म्हणून गाडी डावीकडे जाते. तुम्ही सांगत होतात, आणि मी तुम्हाला हसत होतो."

सिस्टरनी पर्स एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली.

"आज कळलं तुम्हाला?"

"आज कळलं."

"अकरा वर्षं, मिस्त्री." आवाज चढला नव्हता, तेच जास्त जड होतं. "माझा नवरा शेजारी बसला की खिडकीवरचं हँडल धरून बसतो. मुलगी म्हणते, आई, तू नको, आपण टॅक्सीने जाऊ. कठड्याला घासली तेव्हा मी स्वतः डॉक्टरांना म्हणाले, साहेब, माझा हात डावीकडे जातो, मला मेकॅनिकने सांगितलंय. मीच म्हणाले. तुमचं वाक्य."

मिस्त्रीने मान खाली घातली.

"माप कसं चुकलं पण? तुमचं तर म्हणे कधी चुकत नाही."

काठी खिळ्यावर होती. तो तिच्याकडे बघत होता. एक वाक्य बोललं असतं तर निम्मं ओझं उतरलं असतं, आणि ते खरंही होतं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "लक्ष नव्हतं."

सिस्टरनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. पेशंट काही लपवतोय हे ओळखणारी ती नजर होती. पण त्यांनी विचारलं नाही.

"आता होईल का नीट?"

"होईल. थांबावं लागेल. आणि हात लावाल थोडा? माझ्याकडे आता माणूस नाही."

गाडी चाकांवर उभी होती तशीच ठेवली, कारण उचललेल्या गाडीचं माप खोटं येतं. दोन उंचवट्यांच्या मधे हायड्रॉलिकचा जॅक आडवा बसवला, दोन्हीकडे लाकडी ठोकळे. सिस्टर ठोकळा धरून उभ्या राहिल्या, मिस्त्री दांडा मारू लागला. पत्रा आधी ऐकेना. मग कुठेतरी आत करकरला. सैल सोडला की परत मागे यायचा, म्हणून थोडा जास्त रेटायचा, सोडायचा, बार लावून बघायचा. पुन्हा रेटायचा. मिस्त्रीचा सदरा पाठीला चिकटला. तिसऱ्यांदा सोडल्यावर तो दम खायला टेकला तेव्हा सिस्टरनी न विचारता त्याचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघितलं.

"पाच मिनिटं बसा. नाडी पळतेय."

"पळू द्या."

"मी सांगतेय ना, बसा. एकदा तरी माझं ऐका."

तो बसला. त्याला हसूही आलं नाही आणि रडूही.

पाचव्या खेपेला बार सहाही बोल्टांवर उतरला. कानशीने खरवडलेलं एक भोक जरा मोठं झालं होतं, तिथे त्याने जाड वॉशर घातला आणि सिस्टरना दाखवलाही. "हे मी आज दुपारी केलं. लपवणार होतो." सिस्टर म्हणाल्या, "दिसतंय." मग त्याने नट आवळले, दोरी लावून चाकं सरळ केली आणि हात पुसले.

"चला, बघू."

गोदामांच्या मागचा रस्ता सरळसोट होता आणि त्या वेळी रिकामा. सिस्टर चालवत होत्या, मिस्त्री शेजारी. खिडकीवरचं हँडल त्याने धरलं नाही. सुरुवातीला गाडी उजवीकडे जाऊ लागली. सिस्टर दचकल्या.

"तुम्ही ओढताय," मिस्त्री हळूच म्हणाला. "सवयीने. आता ओढायला नको."

त्यांनी उजव्या हाताची पकड सैल केली. गाडी सरळ झाली. मग एक-एक बोट काढलं, मग डावा हात काढला, मग दोन्ही हात स्टिअरिंगच्या वर, हवेत. गाडी सरळ चालली होती. एक गोदाम गेलं, दुसरं गेलं, रस्त्याच्या मधली पांढरी रेघ जिथे होती तिथेच राहिली. सिस्टरनी हात खाली घेतले नाहीत. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायलाही हात खाली येत नव्हते. रस्ता संपत आला तेव्हा मिस्त्रीलाच म्हणावं लागलं, "सिस्टर, धरा आता."

गॅरेजसमोर गाडी थांबवून त्या म्हणाल्या, "लिहून द्या."

"काय?"

"हेच. मला सांगितलंत ते. सोमवारी मी माझा कागद देणार नाही, तुमचा देणार आहे. त्याने काही होईल न होईल, मला ठाऊक नाही. पण मी खोटी सही करणार नाही."

बिलबुकात चार कोरी पानं उरली होती. वर छापील नाव, गॅरेजचं. मिस्त्रीने बॉनेटवर ठेवून लिहिलं, सावकाश, कारण लिहायची सवय नव्हती. गाडीचा नंबर लिहिला. मग लिहिलं, ही गाडी अकरा वर्षं डावीकडे ओढत होती. दोष गाडीत होता, चालवणाऱ्या बाईंचा नव्हता. दुरुस्ती माझी चुकली होती. आज केली. खाली सही केली आणि गॅरेजचा शिक्का मारला.

सिस्टरनी कागद वाचला, दुसऱ्यांदा वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला. माफ केलं म्हणाल्या नाहीत. त्यानेही मागितली नाही. गाडी सुरू करताना त्यांनी काच खाली केली.

"गोळ्या वेळेवर घ्या," म्हणाल्या आणि गेल्या. कोपऱ्यावर शिंपी दारात उभा होता. त्याने मिस्त्रीकडे पाहून टोमण्याऐवजी नुसती मान डोलावली.

मिस्त्री घरी निघाला तेव्हा अजून उजेड होता. हातात काठी होती.

घरात शिरल्यावर त्याने बूट काढले, दिवा लावला नाही, सरळ झोपायच्या खोलीत गेला. खिडकीची कडी अजून तुटलेलीच होती. खाचेत झाडूची मोडकी दांडी होती, आणि ती आखूड पडते म्हणून टोकाशी वर्तमानपत्राची घडी कोंबलेली. ती बायकोनेच कोंबली असणार, काठी नेली त्या दिवशी. कागद पिवळा पडून चुरा झाला होता. त्याने दांडी काढली, चुरा तळहातावर गोळा केला, खाच फडक्याने पुसली आणि काठी आडवी धरून खाली सोडली.

काठी बसली. या टोकाला फट नाही, त्या टोकाला नाही. त्याने खिडकी जोर लावून ओढून पाहिली, ती केसभर हलली नाही.

"बसली गं," तो म्हणाला.